मागचं टोक खरं मानायचं का? एका अ‍ॅम्बॅसॅडरची बॉडी जिगवर सरळ करताना

पार्श्वभूमी

गाडी १९७१ची, मार्क टू अ‍ॅम्बॅसॅडर. पुढं चौकड्यांची जाळी, १४८९ सीसीचं इंजिन, ५.९०-१५चे टायर. बीड जिल्ह्यातल्या एका घरात आजोबांनी ती सरकारी लिलावातून आणली, वडिलांनी पंचवीस वर्षं चालवली. नातवाच्या हाती आली तेव्हा तिला दोनच कामं उरली होती, दसऱ्याला झेंडूची माळ घालून मिरवायचं आणि लग्नात नवरदेव आणायचा. गाव, रंग, नंबर मुद्दाम देत नाही. मापं मात्र माझ्या वहीतली आहेत, जशीच्या तशी.

गळिताचा हंगाम होता. रात्री मालक स्वतः गाडी चालवत होते आणि पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. आपल्याकडं हे वेगळं सांगायचीही गरज नाही. ट्रॉली दिसली तशी मालकांनी गाडी उजवीकडं घेतली, पण डावा कोपरा ट्रॉलीच्या अँगलला लागलाच. कोणाला इजा झाली नाही. बंपर, जाळी, डावं मडगार्ड आणि हेडलाइटचं घर एवढं गेलं. रेडिएटर वाचला, त्यामुळं गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली. पुढचा घोळ त्यातूनच झाला. ती टोचन करून (दुसऱ्या गाडीनं ओढून) आली असती, तर कोणी तिला लगेच ‘चालती’ करायच्या मागं लागलं नसतं.

गावातल्या मिस्त्रीनं मडगार्ड ठोकून बाहेर काढलं. डावं चाक कमानीला घासत होतं, म्हणून त्या बाजूच्या टॉर्शन बारचा, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीचा, लिव्हर एक दात सरकवून गाडी वर उचलली. तीन आठवडे ती तशी फिरली. मग मला फोन आला.

"सर, डेंटिंगचंच काम आहे. बाकी गाडी एकदम ठीक आहे, फक्त डावीकडं ओढायली."

मी डेंटर नाही. माझी तीस वर्षं वाळूजला वेल्डिंग फिक्श्चर, म्हणजे जोडायचे भाग नेमक्या जागी धरणारे साचे, बनवण्यात गेली. आता एका मित्राच्या चिकलठाण्यातल्या शेडमध्ये जुन्या गाड्यांच्या कामात लुडबुड करतो. पत्र्याचं खरं काम उस्तादांचं. वय सत्तरीला आलेलं. शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि अर्धं सरकार अ‍ॅम्बॅसॅडरमधून फिरत होतं, तेव्हापासून ते या गाड्या ठोकत आले आहेत.

अडचण

उस्ताद गोणपाट टाकून गाडीखाली गेले आणि दहा मिनिटांनी बाहेर आले. हात पुसत म्हणाले, "साहेब, मडगार्डाचं सोडा. हिचं नाक फिरलंय."

इथं एक गैरसमज दूर करावा लागतो, मालकांचाही करावा लागला. अ‍ॅम्बॅसॅडर इतकी दणकट, की खाली ट्रकसारखी वेगळी चेसिस असणार असं लोक धरून चालतात. तशी ती नाही. मूळची ही मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ पर्यंत ती निघत राहिली, आणि तिची घडण मोनोकॉक आहे. फरशी, सिल (दारांखालची लांब पेटी), खांब, छप्पर आणि पुढं गेलेल्या दोन पेटीसारख्या दांड्या हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं असतं, आणि त्यालाच चाकं लटकवलेली. म्हणजे पत्रा वाकला की गाडीचा सांगाडाच वाकला. पुढच्या प्रत्येक चाकाला एक लांब टॉर्शन बार आहे. तो चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या पिनीपासून सरळ मागं जातो आणि पुढच्या सीटांखालच्या आडव्या क्रॉसमेंबरला धरलेला असतो. पुढची दांडी मागं किंवा वर सरकली, तर ही पिन तिच्याबरोबर सरकते. मग चाकाचा कल बिघडतो आणि गाडी ओढते. अलाइनमेंटच्या दुकानात कितीही पैसे घाला, ती ओढतच राहते.

पहिली चूक आम्ही त्याच दिवशी केली. गाडी चाकांवर उभी होती, तशीच मापली. डाव्या-उजव्या कमानींची जमिनीपासूनची उंची सारखी निघाली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर उजवीकडं कारखान्याच्या आकड्याइतकं, २४६४ मि.मी., आणि डावीकडं २४५७. फरक ७ मि.मी.चा. पन्नास वर्षांच्या गाडीत ७ मि.मी. म्हणजे काय मोठं, असं मीच म्हणालो होतो. दोन्ही मापं खोटी बोलत होती. त्यांचा खोटेपणा वेगवेगळ्या कारणांनी होता, आणि तो उघडा पडायला दोन आठवडे लागले.

पर्याय

मालकांसमोर चार वाटा होत्या.

पहिली उस्तादांची जुनी वाट: शेडच्या खांबाला साखळी, दहा टनी हायड्रॉलिक रॅम, ओळंबा, दोरी आणि नजर. आठ-दहा दिवसांचं काम, खर्च सगळ्यात कमी. उस्तादांनी अशा कितीतरी गाड्या काढल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच नीट चालल्या. पण ओढताना बॉडी जमिनीला पक्की धरलेली नसते. नाक यायच्या आधी अख्खी गाडीच साखळीकडं सरकते, नाहीतर गंजलेला सिल तरी ताणला जातो. आणि या गाडीचा डावा सिल स्क्रूड्रायव्हरनं टोचला की आत जात होता.

दुसरी वाट एखाद्या मोठ्या बॉडीशॉपच्या बेंचची, म्हणजे बॉडी जखडून ओढायच्या तयार चौकटीची. तिथं दोन अडचणी. त्या बेंचचे क्लॅम्प सिलखालची उभी शिवण पकडतात, आणि आमच्या सिलला भरवशाची कड उरली नव्हती. शिवाय त्यांच्या संगणकात नव्या गाड्यांची मापं भरलेली, या गाडीची नाहीत. मापांशिवाय तो बेंच म्हणजे महागातलं टेबल.

तिसरी वाट मालकांना सगळ्यात आवडली होती. भंगारातल्या दुसऱ्या अ‍ॅम्बॅसॅडरचं नाक कापून या गाडीला जोडायचं. ही मी ठामपणे नाकारली. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळू शकतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. असा नंबर घेतला की रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, म्हणून मालकांचं मन अजून होत नव्हतं. पण अर्धी बॉडी बदलली असती तर पुढं तो दरवाजा अडलाच असता. आणि खरं सांगायचं तर भंगारातलं नाक सरळ आहे याची खात्री कोण देणार?

चौथी वाट म्हणजे जिग. एक भक्कम सपाट फ्रेम बांधायची, बॉडीच्या मूळ बोल्टांच्या जागी पिना उभ्या करायच्या, चांगला भाग त्यावर जखडायचा आणि वाकडा भाग ओढून त्याच्या पिनीपाशी आणायचा. तीन आठवडे जादा आणि सुमारे २६० किलो लोखंड. मालक म्हणाले, "लोखंड माझ्या पैशाचं आणि राहणार तुमच्या शेडमध्ये?" रास्त प्रश्न. निम्मा खर्च शेडनं उचलायचा आणि जिग शेडमध्येच राहायचं, यावर तोडगा निघाला.

या टप्प्यावर मी मालकांना एक गोष्ट साफ सांगायला हवी होती, ती सांगितली नाही. जिगनं काम लवकर होत नाही. ते फक्त तुम्हाला स्वतःची फसवणूक करू देत नाही.

जिग कसं उभं राहिलं

जालन्याहून १५० बाय ७५चं सी-चॅनल आणलं. ४.२ मीटरच्या दोन उभ्या दांड्या, मध्ये पाच आडव्या, खाली सहा लेव्हलिंग स्क्रू. वेल्डिंगनं फ्रेम स्वतःच वाकते, म्हणून टाके आलटून-पालटून, थांबून थांबून मारले. मग गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं पातळी काढली. नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला तरी माप चुकतं, म्हणून नळी आधी उन्हासमोर धरून बघायची. ही युक्ती शेजारच्या बांधकामावरच्या गवंडीमामांची.

फिक्श्चरच्या धंद्यात तीन-दोन-एक असा एक मंत्र आहे. कुठलीही वस्तू नेमकी एका जागी बसवायची तर उंचीसाठी तीन बिंदू, बाजूच्या दिशेसाठी दोन आणि पुढं-मागं अडवायला एक. यापेक्षा जास्त बिंदू आवळले की वस्तू पिनांशी भांडायला लागते. टेबलाचे तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, चौथा लागला की कागदाची घडी शोधावी लागते. बॉडी तर पत्र्याची. आठ बोल्ट करकचून आवळले तर ती गपगुमान वाकून बसते, आणि सगळं जुळलंय असं आपल्याला वाटतं. बोल्ट सैल केले की फुस्स! म्हणून ठरवलं, आधी फक्त सहा ठिकाणी बसवायचं. बाकीच्या पिना नुसत्या शेजारी उभ्या करायच्या, शिवू द्यायच्या नाहीत, आणि किती फट राहते ते वाचायचं. सगळ्या पिनांच्या बैठकांना लांबट भोकं ठेवली, म्हणजे निर्णय बदलला तर सरकवता येतील.

मधेच एक दिवस सकाळचं आणि दुपारचं माप २ मि.मी.नं वेगळं आलं. एप्रिलचा महिना, पत्र्याचं शेड. सगळ्यांनी उन्हावर आळ घेतला. मी पाटीवर हिशोब मांडला: लोखंड दर मीटरला, दर अंशाला ०.०१२ मि.मी. वाढतं, अडीच मीटरला वीस अंशांचा फरक धरला तरी अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं वर. दोन होत नाही. चोर भलताच निघाला. एका लेव्हलिंग स्क्रूखाली कोणीतरी बाभळीच्या फळीचा तुकडा सरकवला होता, आणि गाडी वर चढवल्यापासून तो हळूहळू दबत होता. जाड लोखंडी पाटी घातली आणि माप जागेवर आलं.

खरा बिंदू कोणता

गाडीचं इंजिन, पुढची आर्म, टॉर्शन बार, मागची धुरी, पाटे (मागच्या स्प्रिंगा) सगळं उतरवलं. दहा जागा निवडल्या: दोन्ही दांड्यांची पुढची टोकं, दोन खालच्या आर्मच्या पिना, क्रॉसमेंबरची दोन टोकं, मागच्या पाट्यांची टोकं बॉडीला धरणारे हँगर, पुढचे दोन आणि मागचे दोन. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडून फरशीवर खूण केली आणि खुणांमध्ये टेप धरली.

धंद्यातला सर्वसाधारण नियम असा की मार पुढं लागला असेल तर मागचा भाग खरा धरायचा आणि पुढचा त्याला जुळवायचा. मीही तसंच करायला निघालो होतो. मागच्या पाट्यांच्या पुढच्या दोन हँगरांना पाया धरून मध्यरेषा काढली, तर क्रॉसमेंबरच तिरका दिसू लागला. पण त्याच्यावर ना घडी, ना रंगाला तडा, ना गंज. चांगल्या जाड पत्र्याचा, गाडीच्या पोटात मध्यावर असलेला तो भाग असा नुसताच फिरेल? मग कर्ण मापले. डाव्या क्रॉसमेंबरपासून उजव्या हँगरपर्यंत आणि उजव्यापासून डाव्यापर्यंत, दोघांत ५ मि.मी.चा फरक. दोघांपैकी एक टोक खोटं होतं.

उस्तादांनी वाद घातला नाही. छोटी हातोडी घेऊन खाली गेले आणि त्याच दोन हँगरांभोवती टकटक करू लागले. उजवीकडं आवाज खणखणीत. डावीकडं बद्द, ओल्या मडक्यावर वाजवल्यासारखा. खाली काळ्या डांबरी थराचा जाड लेप होता. तो खरवडला तशी गॅस वेल्डिंगची जुनी जाड शिवण दिसली, तिच्या आत एकावर एक दोन ठिगळं. कधीतरी, बहुधा आजोबांच्याच काळात, हँगरची जागा गंजून गेली असणार आणि कोणीतरी तो पुन्हा बसवला. ७ मि.मी. मागं.

मालकांना फोन करून विचारलं, पूर्वी मागं काही काम झालं होतं का? त्यांना माहीत नव्हतं. पण जरा थांबून ते म्हणाले, "सर, एक सांगू का? बाबांच्या टायमापासून सरळ रोडलाही स्टिअरिंग जरा डावीकडंच धरावं लागतं. आम्हाला वाटायचं, तिची सवयच आहे तशी."

सवय नव्हती ती. हँगर मागं म्हणजे मागच्या धुरीचं डावं टोक मागं, म्हणजे मागची चाकं गाडीचं शेपूट सतत डावीकडं ढकलणार आणि नाक उजवीकडं वळणार. दोन हँगरांमध्ये साधारण मीटरभर अंतर, त्यात ७ मि.मी. हाच तिरकेपणा पायाभूत धरून आम्ही नाक ओढलं असतं, तर २४६४ मि.मी.च्या अंतरावर पुढची चाकं १७ मि.मी. डावीकडं गेली असती. जिग असूनही! उलट जिग होतं म्हणून आम्ही ती चूक जास्त आत्मविश्वासानं केली असती.

तरी एकट्या क्रॉसमेंबरवर सगळं सोडायला मन तयार नव्हतं. म्हणून दोन साक्षीदार शोधले. एक जालन्यात वाड्याच्या बोळात उभी असलेली गाडी, दुसरी पैठणकडची, अजून चालती. दोन्हींचे मालक माप घेऊ द्यायला तयार झाले. पैठणच्या आजींनी तर गाडीखाली शिरायच्या आधी चहा घ्यायलाच लावला. एकच साक्षीदार पुरला नसता, कारण तोही कधी ना कधी ठोकलेला असतो. तसं झालंही: जालन्याच्या गाडीत एक आर्मची पिन ४ मि.मी. चुकलेली निघाली. पण क्रॉसमेंबर ते उजवा हँगर हे अंतर तिन्ही गाड्यांत २ मि.मी.च्या आत सारखं होतं, आणि साक्षीदारांचे दोन्ही हँगर एका रेषेत होते. आमचा डावा हँगरच खोटा.

शेवटचा निर्णय असा झाला. उंचीसाठी क्रॉसमेंबरची दोन टोकं आणि उजवा हँगर. मध्यरेषेसाठी क्रॉसमेंबरचा मध्य आणि दोन्ही हँगरांच्या मधला बिंदू. डावा हँगर मागं होता, पण बाजूला सरकलेला नव्हता, म्हणून एवढ्यापुरता चालला. पुढं-मागंसाठी क्रॉसमेंबरचं उजवं टोक. या सहांवर गाडी बसवली आणि मग पुढचं वाचलं. डाव्या दांडीचं टोक ३१ मि.मी. मागं आणि १२ मि.मी. उजवीकडं. उजव्या दांडीचं टोक ९ मि.मी. उजवीकडं. डावी आर्मची पिन १४ मि.मी. मागं आणि ६ मि.मी. वर.

आता पहिल्या दिवसाच्या मापांचा उलगडा झाला. पिन १४ मागं, पण मागचा हँगरही ७ मागं, म्हणून चाकांमधला फरक फक्त ७ दिसला. पिन ६ वर गेल्यानं गाडीची डावी बाजू खाली बसायला हवी होती, पण टॉर्शन बारचा सरकवलेला दात तिला वर धरून होता. एका जुन्या आणि एका नव्या दुरुस्तीनं मिळून अपघाताची निम्मी साक्ष पुसली होती.

ओढणी

यात सांगण्यासारखं कमी आहे, कारण नीट मोजून झाल्यावर ओढणं हे बरंचसं धीराचं काम. मार ज्या दिशेनं आला त्याच्या उलट, आणि जो भाग शेवटी वाकला तो आधी बाहेर. आधी दोन्ही दांड्या मिळून डावीकडं, मग डावी एकटी पुढं, मग पुन्हा बाजूला. एका दमात ५-६ मि.मी.च. ताण सोडायचा, मोजायचं, पुन्हा. लोखंड परत जातं, ५ मि.मी. ठेवायचे तर ८-९ ओढावे लागत होते. ताण असतानाच उस्ताद घडीच्या कडांवर हलक्या हातानं ठोकत राहायचे, म्हणजे पत्रा नवी जागा धरतो. मी गॅसनं लाल करू म्हणालो तर नको म्हणाले. लाल केलेली घडी लवकर सुटते, पण ती पुढच्या धक्क्याला तिथंच पहिली वाकते. साखळीवर ओली गोणपाटं टाकलेली आणि तिच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही हा दंडक. चौथ्या दिवशी एक हूक सुटलं आणि गोणपाटासकट शेडच्या पत्र्यावर आपटलं.

एकोणीस वेळा ओढलं, चार दिवसांत. डाव्या दांडीतली मुख्य घडी सरळ होताना कडेला तडकली, तेव्हा ९० मि.मी.चा तुकडा कापून नवा घातला. जिगच्या पिनेत बसवूनच सीओटू वेल्डिंग, दर वेळी बोटाच्या दोन पेरांएवढा टाका आणि मग थंड होऊ द्यायचं.

डावा हँगर कापायचा की तसाच ठेवायचा, यावर मालक अडले. खर्च होताच, आणि "बाबांनी अशीच चालवली ना" हेही होतं. पाट्याच्या बैठकीत भोक ७ मि.मी. सरकवून धुरी सरळ करता आली असती. स्वस्त, न दिसणारं. पण म्हणजे एका लपवालपवीवर दुसरी. उस्ताद एवढंच म्हणाले, "पुढं कोणी ही गाडी मोजली, तर तो माझ्या नावानं बोटं मोडेल." हँगर कापला, नवा पत्रा घातला, पिनेत बसवला.

दाराची चूक

ही पूर्ण माझी. गाडी जिगवर चढवायच्या आधी वजन कमी करायला मी चारही दारं उतरवायला सांगितली, आणि दारांच्या चौकटीत आधाराचे अँगल दुसऱ्या दिवशी टाके मारून लावले. त्या एका रात्रीत डावा सिल, जो नावापुरताच उरला होता, मधोमध खचला. चौकट वरून ४ मि.मी. आवळली. आम्ही त्या आवळलेल्या चौकटीला अँगल लावून तिला जणू शिक्का मारला. नंतर नवा सिल त्याच चौकटीत वेल्ड केला. आर्मच्या पिना, हँगर, दांड्या सगळं २ मि.मी.च्या आत, आणि दार लावायला गेलो तर ते लॅचपाशी वर घासतंय!

जिगनं खोटं सांगितलं नव्हतं. जिगच्या पिना फरशीखाली होत्या. फरशीच्या वर काय झालं हे विचारायची सोयच मी ठेवली नव्हती. दाराची चौकट हाही एक बिंदू आहे आणि दार हेच त्याचं गेज. अँगल कापले, सिलची एक शिवण उघडली, टर्नबकलनं (फिरवून लांबवायच्या आट्यांच्या दांडीनं) चौकट थोडी थोडी उघडली आणि प्रत्येक वळशाला दार लावून पाहिलं. साडेपाच दिवस गेले. मालकांकडून त्या दिवसांची मजुरी घेतली नाही.

आणखी एक बारीक दुखणं: जिगचा एक उभा खांब नेमका सिलच्या शिवणीसमोर आला, त्यामुळं तिथला टाका आरशात बघून मारावा लागला.

निकाल

अकरा आठवडे लागले. आम्ही सात सांगितले होते. शेवटी डाव्या दांडीचं टोक २ मि.मी. मागं राहिलं, आर्मची पिन १ मि.मी.च्या आत, कर्ण १ मि.मी.च्या फरकानं. ३ मि.मी.च्या आत राहायचं हे आमचं ठरलेलं लक्ष्य, त्यात सगळं बसलं. मडगार्ड आणि दारामधली फट खाली २ मि.मी. जास्त आहे, पाहणाऱ्याला दिसते. टॉर्शन बारचा सरकवलेला दात परत मूळ जागी न्यायचा राहिला होता, म्हणून डावी बाजू आता उंच उभी राहिली. हे पहिल्यांदा चाकांवर उतरवल्यावरच लक्षात आलं, आणि बार पुन्हा काढावा लागला.

पैठण रोडवर सरळ रस्त्यात हात सोडला, गाडी सरळ गेली. मालकांनी वडिलांना चालवायला दिली. दोन किलोमीटर गेल्यावर ते म्हणाले, "स्टिअरिंग वाकडं बसवलंय काय? जरा डावीकडं घ्या." पंचवीस वर्षांची सवय. मालकांनी आमच्याकडं बघितलं, उस्तादांनी दुसरीकडं.

पुन्हा असं काम आलं तर

गाडी चाकांवर असताना मोजणार नाही. मोजलंच तर त्या आकड्यांवरून मालकाला काही सांगणार नाही.

पहिल्याच दिवशी गाडीखालचं डांबर खरवडून जुन्या शिवणी शोधणार. हे काम दीड दिवसाचं आहे, घाणीचं आहे, आणि हँगरचा घोळ तेव्हाच कळला असता. साक्षीदार गाड्याही जिग बांधायच्या आधीच मोजणार, म्हणजे पिनांच्या जागा अंदाजानं ठेवायला नकोत.

दारं चढलेलीच राहतील. उतरवायचीच झाली तर आधी आधार, मग दार, आणि आधाराचे अँगल वेल्ड न करता बोल्ट-टर्नबकलचे. गंजलेला सिल असेल तर ओढणीच्या आधी नवा घालायचा की नंतर, यावर उस्ताद आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात आधी, म्हणजे ओढताना धरायला काहीतरी राहतं. मी म्हणतो नंतर, म्हणजे वाकड्या गाडीत सरळ सिल अडकवायला नको. या वेळी आम्ही नंतर घातला आणि चौकट गेली, त्यामुळं सध्या त्यांचं पारडं जड आहे.

सिलसमोरचा तो खांब मात्र कापून बोल्टचा केला आहे.